पहिल्या टीवर जाण्याआधी: गोल्फ स्पर्धेच्या राऊंडची सुरुवात कशी करावी

डिसेंबरची सकाळ होती, सात वाजायला आठ मिनिटं. क्लबच्या मासिक मेडलमधला, म्हणजे प्रत्येक शॉट मोजल्या जाणाऱ्या स्ट्रोक प्ले स्पर्धेतला, माझा पहिलाच राऊंड. अर्धा तास सरावाच्या रेंजवर मी हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा छोटी, सोपी काठी) मारत होते आणि बॉल सरळ जात होता. टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट जिथून मारतात तिथं, मात्र माझ्याआधी तिघींनी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारी काठी) काढले, तिघींचे बॉल फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, पडले, स्टार्टरनं माझं नाव घेतलं आणि माझा हात आपोआप ड्रायव्हरकडे गेला. पहिला बॉल उजवीकडच्या भिंतीपलीकडे. दुसराही तिकडेच. तिसरा कसाबसा आत राहिला. पहिल्या होलवर नऊ शॉट लागले. ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरून, उतरताना बॅग सांभाळणारा कॅडी हळूच म्हणाला, "मॅडम, रेंजवर हायब्रिड मारत होतात ना? मग इथं ड्रायव्हर कशाला काढलात?"

खरं सांगायचं तर तो निर्णय मी घेतलाच नव्हता. छातीत धडधडत असताना, लोक बघत असताना, त्या एका मिनिटात तो होऊन गेला होता. पुढच्या काही वर्षांत मी बऱ्याच स्पर्धा खेळले, हँडिकॅप, म्हणजे खेळाच्या पातळीनुसार मिळणारी शॉटची सूट, १४ वर आलं, आणि एवढं मला पक्कं कळलं की पहिल्या टीवर धडधडायचंच. ती धडधड घालवायच्या मागे लागण्यात काही हशील नाही. त्यापेक्षा तिथं जे जे ठरवायचं असतं, ते सगळं आधी, घरी शांतपणे बसून ठरवून टाकावं, म्हणजे टीवर फक्त करायचं उरतं.

ही तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते आणि तिसऱ्या ग्रीनवर संपते. क्लबच्या स्पर्धा खेळणारे, साधारण १० ते २८ हँडिकॅपचे खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून मी ती इथं क्रमानं लिहिते आहे.

आदल्या संध्याकाळी: आधी बॅग

बॅग रिकामी करा आणि क्लब, म्हणजे काठ्या, मोजून परत भरा. नियमानं १४ पेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते. २००१ च्या ओपन चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस, रॉयल लिथम अँड सेंट अ‍ॅन्सचं मैदान. इयन वूझनम संयुक्त आघाडीवरून खेळायला उतरला. तिथलं पहिलं होल पार ३ आहे, म्हणजे तीन शॉटमध्ये पुरं व्हावं असं. त्याचा टी-शॉट होलच्या अगदी जवळ थांबला, बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, झाली. दुसऱ्या टीवर पोचल्यावर कॅडीला दिसलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण १५ क्लब. रेंजवर दोन्ही ड्रायव्हर मारून पाहिले होते आणि एक काढायचा राहून गेला होता. दोन शॉटचा दंड बसला. पुढच्या तीन होलांत सावरता आलं नाही, त्यातल्या दोनांवर बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, झाली. दिवसअखेर तो संयुक्त तिसरा आला.

दंड दोनच शॉटचा होता, पण त्या धक्क्यानं पुढचा खेळही हलला. आपल्या पातळीवर बहुतेक वेळा असंच होतं: ग्लोव्ह विसरला, बॉलवर खूण केली नाही, पेन्सिल नाही, आणि मन त्यातच घुटमळत राहतं. म्हणून सगळ्या बॉलवर एकच खूण, एकाच रंगानं. आपल्याकडे चौघांच्या एका फोर-बॉलमध्ये तिघांकडे एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे बॉल निघणं सर्रास घडतं, आणि चुकीचा बॉल मारला की दोन शॉट गेले. पावसाळा असेल तर दोन ग्लोव्ह आणि दोन टॉवेल, त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत.

आदल्या संध्याकाळी: तीन होलांचा कागद

सगळ्या तयारीचं मूळ इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त पहिली तीन होलं काढा. अठरा नको. अठरा होलांचा बेत पाचव्या होलपर्यंत टिकत नाही, कारण तोवर वारा, अंग आणि स्कोअर बदललेले असतात. पहिल्या तीन होलांचा बेत मात्र जसाच्या तसा अंमलात आणता येतो.

त्याआधी ड्रॉ, म्हणजे कोण कधी आणि कुठून सुरू करणार ती यादी, नीट वाचा. आपल्याकडच्या मोठ्या क्लब स्पर्धा पुष्कळदा शॉटगन स्टार्टनं होतात. सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून सुरू करतात. तुमचं पहिलं होल तेरावं असू शकतं, आणि मग पहिल्या होलची केलेली तयारी त्या सकाळी उपयोगाची नाही.

प्रत्येक होलसाठी कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या. टीवरून कोणता क्लब. मोठा आकडा कुठे दडलाय, म्हणजे ओबी (मैदानाच्या हद्दीबाहेरची जागा), पाणी, दाट झाडी कुठल्या बाजूला आहे. आणि चुकायचंच झालं तर कुठे चुकलेलं चालेल.

माझ्या नेहमीच्या मैदानावरचं एक होल घेऊन दाखवते. पार ४, पुढच्या टीवरून ३३० यार्ड. उजवीकडे सबंध लांबीभर भिंत, म्हणजे ओबी. डावीकडे झाडं, पण विरळ. त्यांच्यातून बाहेर निघता येतं. ग्रीनच्या पुढे उजव्या हाताला वाळूचा बंकर. स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे अवघडपणाचा क्रम, ७. माझं हँडिकॅप १४, म्हणजे इंडेक्स १ ते १४ च्या होलांवर, म्हणून इथंही, मला एक शॉट मिळतो आणि हे होल माझ्यासाठी पार ५ होतं. एवढं लक्षात आलं की सगळं चित्रच बदलतं. ५ वुडनं १५५, ७ आयर्ननं ११५, झाले २७०. राहिले ६०, ते वेज या छोट्या क्लबनं. मग ग्रीनवर दोन पट, म्हणजे होलकडे घरंगळवायचे शॉट. पाच शॉट, म्हणजे सूट धरून पार, नेट पार. यात एकही शॉट असा नाही की जो मला दहापैकी सात वेळा जमत नाही. ड्रायव्हरनं मला पंचवीस यार्ड जास्त मिळाले असते, पण तेवढ्यानं मी दुसऱ्या शॉटला ग्रीनवर खात्रीनं पोचतच नाही. मग भिंतीशी खेळायचं कशासाठी?

म्हणून कागदावर लिहिलं: "५ वुड. उजवीकडे भिंत. डावी झाडं चालतील." बस्स.

प्रत्येकाच्या कागदावर ड्रायव्हरच्या जागी छोटाच क्लब यावा, असं माझं म्हणणं अजिबात नाही, आणि इथं एक गैरसमज दूर करायला हवा. "पहिल्या टीवर सुरक्षित म्हणून आयर्न मारा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. २०१९ ची ओपन उत्तर आयर्लंडमध्ये रॉयल पोर्टरशला झाली. रोरी मॅकिलरॉय आपल्याच प्रदेशात, घरच्या माणसांसमोर खेळत होता. त्यानं पहिल्या टीवर आयर्नच घेतला होता. बॉल डावीकडे ओबी गेला आणि त्या पार ४ वर त्याचे आठ झाले. क्लब छोटा असला तरी हात घट्ट आणि घाईचा असेल तर बॉल कुठेही जाऊ शकतो. म्हणून क्लब निवडताना लांबी शेवटी बघा. गेल्या महिन्याभरात दबाव असतानाही ज्यानं तुम्हाला सगळ्यात कमी वेळा दगा दिला, तो क्लब पहिल्या टीचा. कुणाचा तो ड्रायव्हरच असेल. असेल तर बिनधास्त ड्रायव्हर लिहा.

किती स्कोअरची अपेक्षा ठेवायची

याच संध्याकाळी आणखी एक हिशेब करून टाका. बरेच जण हँडिकॅप म्हणजे आपला नेहमीचा स्कोअर समजतात. तसं ते नसतं. सध्याच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० राऊंडांपैकी सर्वांत चांगले ८ धरून सरासरी काढतात. म्हणजे ते तुमच्या चांगल्या दिवसांचं मोजमाप आहे. पार ७२ च्या मैदानावर माझं हँडिकॅप ८६ सांगतं, पण माझा रोजचा राऊंड ८९-९० चा असतो. स्पर्धेच्या दिवशी "८६ यायलाच हवेत" असं मनाशी धरून उतरलं, तर पहिल्या दोन होलांवर दोन जादा शॉट गेले की आपण हरलोच असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात आपण नेहमीसारखंच खेळत असतो.

'जर-तर' ची दोन वाक्यं

कागदाच्या मागच्या बाजूला दोन वाक्यं लिहा. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय की "मी शांत राहीन" असा नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं नेमकं ठरवलेलं माणसाच्या हातून पार पडण्याची शक्यता जास्त असते. प्रसंग समोर आला की विचार करावा लागत नाही. ठरलेली कृती सुरू होते.

माझी वाक्यं अशी आहेत. पहिला बॉल ओबी गेला, तर मी दुसरा बॉल त्याच क्लबनं, पुन्हा पहिल्यापासून सगळी तयारी करून मारीन. आणि बॉल झाडीत गेला, तर कितीही मोठी फट दिसली तरी मी तो आडवा फेअरवेवर काढीन. ही वाक्यं तुमच्या नेहमीच्या चुकांवरून तयार करा. दोनच पुरतात.

सकाळी

टी-टाइमच्या किमान एक तास आधी पोचा. उशीर झाला तर काय होतं ते नियमात स्पष्ट आहे: पाच मिनिटांपर्यंत उशीर म्हणजे पहिल्या होलवर दोन शॉट दंड, त्याहून जास्त झाला की स्पर्धेतून बाद. पण माझ्या मते खरा तोटा वेगळाच असतो. धावतपळत आलेल्या माणसाचा सगळा वेग वाढलेला असतो आणि तो वेग थेट स्विंगमध्ये उतरतो. त्या दिवशी घरापासूनच सगळं जरा सावकाश करा. चहा बसून प्या. गाडी शांतपणे चालवा. बुटांच्या नाड्या बाकावर बसून बांधा. हलकं काहीतरी खा. पोहे, केळं, जे रोज पचतं ते.

वॉर्म-अपचा उद्देश अंग मोकळं करणं आणि आज बॉल कसा जातोय ते पाहणं, इतकाच. त्या सकाळी स्विंग दुरुस्त करायला जाऊ नका. बॉल उजवीकडे वळतोय? ठीक आहे, आज तो उजवीकडे वळणार. निशाणा थोडा डावीकडे धरा आणि खेळा. दुरुस्ती सोमवारी.

माझा क्रम असा असतो: दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग वेजपासून सुरुवात करून तीसेक बॉल. शेवटचे तीन बॉल सगळ्यात महत्त्वाचे. ते मारताना डोळ्यांसमोर पहिलं होल आणायचं: ही भिंत, ती झाडं. कागदावर लिहिलेला क्लब घ्यायचा, पूर्ण तयारीनिशी मारायचा, आणि प्रत्येक बॉलनंतर मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. असं केलं की टीवरचा शॉट त्या सकाळचा तुमचा चौथा शॉट होतो. रेंज नसेल, आणि आपल्याकडे बऱ्याच मैदानांवर नसतेच, तर दोन आयर्न एकत्र धरून दहा-बारा सावकाश स्विंग घ्या, आणि मग कागदावरचा क्लब हातात घेऊन तेच तीन शॉट बॉलशिवाय मारा.

त्यानंतर पटिंग ग्रीन. आधी लांबचे पट, ३० फुटांच्या आसपासचे, आणि होलकडे न बघता ग्रीनच्या कडेकडे. यात फक्त वेग ओळखायचा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला ग्रीनवर दव असतं आणि बॉल चांगलाच अडतो. नऊ वाजता तेच ग्रीन पळायला लागतं. हे आधी कळलं तर पहिल्या होलवर तीन पट होत नाहीत. सगळ्यात शेवटी दोन फुटांवरून सहा पट, सगळे आत. बॉल कपात पडल्याचा आवाज कानात घेऊन टीकडे जायचं.

थंडीचं आणखी एक. गार हवेत बॉल कमी जातो आणि सकाळी अंगही आखडलेलं असतं, म्हणून पहिल्या तीन होलांवर मी एक क्लब मोठा घेते. पावसाळ्यात बॉल पडला तिथंच थांबतो, कधी स्वतःच्याच खड्ड्यात रुततो. फेअरवेवर किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) असा रुतला तर दंडाशिवाय बाहेर काढता येतो, हे लक्षात असू द्या.

सरावाबाबत एक सावधगिरी: स्ट्रोक प्लेमध्ये स्पर्धेच्या दिवशी राऊंडआधी मैदानावर शॉट मारून पाहता येत नाहीत. पहिल्या टीजवळ पटिंग आणि चिपिंग (बॉल उचलून टाकायचे छोटे शॉट) करायला, आणि सरावाच्या जागांवर खेळायला हरकत नसते. कमिटीनं वेगळं काही जाहीर केलंय का, ते सूचनाफलकावर बघून घ्या.

टीवर, नाव पुकारण्याआधी

दहा मिनिटं आधी टीवर या. सगळ्यांशी बोला, कार्डं अदलाबदल करा, एकमेकांचे बॉल दाखवा. "माझा बॉल नंबर ३, निळी रेघ." हे मोठ्यानं म्हणा. आवाज एकदा मोकळा झाला की छातीवरचा दाब थोडा उतरतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

"आज कंबर धरलीये", "महिनाभर खेळलेच नाही" ही वाक्यं मात्र टाळा. आपण ती इतरांना ऐकवतो, पण ऐकतं आपलंच अंग.

इतरांचे स्विंग बघत बसू नका. दुसऱ्याचा वेगवान स्विंग पाहिला की आपला हात नकळत तसाच जातो. बॉल कुठे पडला ते शोधायला मदत म्हणून जरूर बघा. स्विंगच्या वेळी नजर लांब झाडांवर ठेवा. आणि त्यांनी कोणता क्लब घेतला याच्याशी तुमचा काही संबंध नाही. तसं पाहिलं तर प्रतिस्पर्ध्याला "कोणता क्लब मारलास?" असं विचारणंही नियमात बसत नाही. कॅडीला विचारता येतं. अंतर कुणालाही विचारता येतं.

बॉल लांब मारला म्हणूनच चांगला खेळाडू, ही समजूत ज्यांना सोडता येत नाही, त्यांनी भारताच्या अदिती अशोकचं टोकियो ऑलिंपिक आठवावं. तिच्याबरोबर खेळणाऱ्या कित्येक जणींचे टी-शॉट तिच्या फार पुढे पडत होते. तिनं आपलं अंतर मान्य करून, त्याच अंतरावर सगळा खेळ बेतला, आणि चौथी आली. तिच्या पुढच्या दोघींपासून ती एका शॉटनं मागे राहिली. त्या आठवड्यात तिची कॅडी तिची आई होती.

कॅडीशीही टीवर यायच्या आधीच बोलून घ्या. तो मैदान तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतो, पण त्याला तुमचा बेत माहीत नसतो. मी आता कागद त्याला दाखवते आणि सांगते, "दादा, पहिल्या तीन होलांवर मी दुसरा कुठला क्लब मागितला, तर एकदा विचारा, नक्की का म्हणून." हा एक प्रश्न मला कित्येक शॉट वाचवून गेलाय.

ते एक मिनिट

नाव पुकारलं. आता काय?

बॉल टीवर ठेवा आणि त्याच्या मागे चार पावलं जा. श्वास नाकानं आत घ्या, चार मोजेपर्यंत. तोंडानं सोडा, सहा मोजेपर्यंत. सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग उतरतो. दोनदा केलं तरी पुरे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी वर्षानुवर्षं विपश्यना करतो हे गोल्फच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. इगतपुरीमुळे आपल्याकडच्या कित्येकांना श्वासाकडे लक्ष देणं नवीन नाही. ज्यांना ती सवय आहे त्यांनी ती इथं वापरावी.

मग निशाणा. "फेअरवे" हा निशाणा होऊ शकत नाही, तो फार रुंद आहे. लांबचं एक झाड निवडा, त्याची एक फांदी निवडा. आता त्या फांदीच्या रेषेत, बॉलच्या एक-दोन फूट पुढे काहीतरी शोधा: वाळकं पान, गवताचा पिवळा ठिपका, तुटलेली टी. जॅक निकलॉस आयुष्यभर असाच जवळचा निशाणा धरून उभा राहायचा. दोनशे यार्डांवरच्या फांदीकडे क्लब लावण्यापेक्षा दोन फुटांवरच्या पानाकडे लावणं किती सोपं आहे, ते एकदा करून बघा.

सरावाचा स्विंग एक घ्या किंवा दोन, पण रोज जेवढे घेता तेवढेच. स्पर्धेत माणूस चार-चार घेतो, आणि प्रत्येक जादा स्विंगबरोबर शंका वाढत जाते. बॉलच्या मागची जागा ही विचारांची. तिथून पुढे पाऊल टाकलं की विचार बंद. पुढे गेल्यावर शंका आलीच, तर परत मागे या. त्यात कमीपणा नाही. नियमांत शॉटसाठी ४० सेकंदांची शिफारस आहे, ही सगळी तयारी २५ सेकंदांत होते.

पकड. धडधड वाढली की सगळ्यात आधी पकड आवळते, आणि ती आवळली की मनगटं, मग कोपर, मग खांदे. क्लब किती घट्ट धरावा, हे शब्दांत सांगणं अवघड. देवघरातली तेलानं भरलेली समई एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना हात कसे असतात? सांडणार नाही इतके पक्के, हिंदकळणार नाही इतके सैल. तेवढी. क्लब जमिनीवर टेकवताना एकदा मुठी मुद्दाम आवळा आणि सोडा, म्हणजे सैल कसं वाटतं ते हातांना आठवतं.

शेवटी डोक्यात एकच गोष्ट ठेवायची, आणि ती शक्यतो स्विंगच्या शेवटाची असावी. माझी आहे: फिनिशला उभी राहून तीन मोजेपर्यंत थांबणार. शेवट ठरलेला असला की मधली घाई आपोआप कमी होते. पान, फांदी, पान, आणि मारा.

बॉल कुठेही गेला तरी

चांगला गेला तर टी उचला आणि चालू लागा. ओबी गेल्यासारखा वाटला, किंवा सापडेल की नाही अशी शंका असली, तर "प्रोव्हिजनल खेळते" (म्हणजे तात्पुरता बॉल) हे शब्द स्पष्टपणे उच्चारून दुसरा बॉल मारा. न सांगता मारला तर तोच खेळातला बॉल ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. इथं कागदामागचं पहिलं वाक्य लागू होतं: तोच क्लब, तीच तयारी, तोच श्वास. पहिल्या चुकीनंतरच्या घाईतच दुसरी होते, हे मी नऊ शॉट देऊन शिकले.

टायगर वुड्सच्या १९९७ च्या मास्टर्सचं नाव निघालं की बारा शॉटचा विजय सगळ्यांना आठवतो. पण त्या स्पर्धेतली त्याची पहिली नऊ होलं ४० शॉटची होती, पारपेक्षा चार जास्त. उरलेल्या नऊत ३०. दहाव्या टीकडे जाताना त्यानं एकच गोष्ट धरली, की बॅकस्विंग लांब होतोय, तो आटोक्यात आणायचा. २००८ च्या यूएस ओपनमध्ये तर टोरी पाइन्सच्या पहिल्याच होलवर त्याला चारपैकी तीन दिवस डबल बोगी झाली, आणि तरी ती स्पर्धा त्यानं प्ले-ऑफमध्ये जिंकली. पहिल्या होलवरचे सहा हे अठरा होलांतले फक्त पहिले सहा शॉट असतात. बाकीचे सत्तर-ऐंशी अजून हातात असतात. मॅकिलरॉयनंही पोर्टरशला दुसऱ्या दिवशी ६५ मारले, पण पहिल्या दिवशीचे ७९ एका शॉटनं महागात पडले आणि कट, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांची पात्रता, हुकला. त्या ७९ मध्ये पहिल्या होलच्या आठांबरोबर शेवटच्या तीन होलांवर गेलेले पाच शॉटही होते.

राग आला तर येऊ द्या. क्लब परत बॅगेत जाईपर्यंत चिडायची मुभा मी स्वतःला देते. बॅगेत गेला की विषय संपला, आणि कॅडीशी दुसरं काहीतरी बोलायला लागते: त्याच्या मुलीची शाळा, पाऊस, काहीही.

उलट बाजूही सांभाळायला हवी. पहिल्याच होलवर बर्डी झाली की दुसऱ्या टीवर कागद विसरून ड्रायव्हर काढणारे खूप पाहिलेत. आणि कुणी अर्नोल्ड पामरचं उदाहरण देईल. १९६० ची यूएस ओपन, चेरी हिल्स, शेवटचा राऊंड: सात शॉटनं मागे असलेल्या पामरनं ३४६ यार्डांच्या पहिल्या पार ४ वर थेट ग्रीन गाठलं, ६५ मारले आणि जिंकला. गोष्ट खरी आहे. पण सात शॉट मागे असल्यावर, शेवटच्या राऊंडमध्ये तो धोका घेणं बरोबर होतं. पहिल्या दिवशी त्याच टीवरून तसाच प्रयत्न करताना बॉल ओढ्यात गेला होता आणि सहा झाले होते, ते कुणी सांगत नाही.

दुसरं आणि तिसरं होल

इथं बेत फार साधा ठेवायचा. ग्रीनकडे मारताना झेंडा कुठेही असो, ग्रीनच्या मध्यावर मारा. पहिल्या तीन ग्रीनवर लांबचा पट आत टाकायचा विचारही नको. तो होलपासून दोन फुटांत थांबवायचा. आठ फुटांवरून तर जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडूही साधारण निम्मेच पट टाकतात. तुमचा आठ फुटांचा चुकला म्हणजे पटिंग बिघडलं असं समजून पकड बदलायला जाऊ नका.

स्कोअरची बेरीज करू नका. कार्डावर मार्कर म्हणून दुसऱ्याचे आकडे लिहायचे असतात, ते लिहा. स्वतःचे मनात घोळवू नका. कुणी "आता किती झाले?" विचारलंच, तर "नंतर बघू" म्हणा.

स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणारी स्पर्धा, असेल तर हे सगळं आणखी सोपं. त्यात नेट डबल बोगीपासून पुढे शून्यच गुण, म्हणून एखादं होल पुरतं फसलं की बॉल उचला आणि पुढच्या टीकडे चला. मॅच प्लेमध्ये, जिथं जिंकलेली होलं मोजतात, पहिलं होल नऊ शॉटनं हरा की पाचनं, एकच होल जातं. स्ट्रोक प्ले मात्र प्रत्येक शॉट जपून ठेवतो, म्हणून वरचा सगळा खटाटोप मुख्यतः त्यासाठी.

एरवीच्या रविवारी

हे स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून जमत नाही. मित्रमैत्रिणींबरोबरच्या रविवारच्या राऊंडमध्ये पहिल्या टीवर मलिगन घेणं बंद करा. याबाबत मी फार आग्रही आहे. "पहिला बॉल वाईट गेला तर दुसरा मारायचा, मोजायचा नाही" ही सवय वर्षभर लावली, तर मन हेच शिकतं की पहिला शॉट मोजला जात नाही. मग वर्षातल्या ज्या आठ-दहा सकाळी तो मोजला जातो, त्या दिवशी तो परका वाटणारच. मलिगन बंद केल्यावर पहिले दोन महिने माझे रविवारचे स्कोअर वाढले. तिसऱ्या महिन्यापासून टीवरचं ते धडधडणं ओळखीचं वाटायला लागलं.

राऊंड संपल्यावर, चहा यायच्या आत, त्याच कागदावर प्रत्येक होलपुढे एक शब्द लिहा: बेत पाळला की मोडला. स्कोअर नको. पाच-सहा स्पर्धांचे कागद जमले की एकत्र ठेवून बघा. माझ्या कागदांवर "मोडला" हा शब्द सगळ्यात जास्त वेळा दुसऱ्या होलपुढे आला होता, पहिलं होल चांगलं गेलं होतं त्या दिवशी. आता कॅडी तो प्रश्न दुसऱ्या टीवर न चुकता विचारतो.